बोद्रुममध्ये पाहण्याजोगा इतिहास उरला आहे का?

बोद्रुमला इतिहास म्हणावा असे काही उरले आहे का, की तुर्कस्तानातले ते गाव आता केवळ श्रीमंतांच्या नौकांचे झाले आहे, आणि तिथे किती दिवस राहावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण माझे भावोजी हाच वाद प्रत्येक घरगुती समारंभात उकरून काढतात.

आम्ही सहकुटुंब तिथे गेलो, तेव्हा प्रथम मॉसोलसच्या समाधीची जागा पाहिली. इ.स.पू. ३५३ मध्ये वारलेल्या या राज्यकर्त्यासाठी त्याची पत्नी आर्टेमिसिया हिने उभारलेली समाधी प्राचीन जगातील सात आश्चर्यांत गणली जाई. आज तिथे एक खोलगट आवार आणि खांबांचे तुटके तुकडे एवढेच आहे. भावोजींनी खाली एकदा डोकावून पाहिले, "खड्डा पाहायला तिकीट काढलेत होय?" असे सर्वांदेखत विचारले, आपला जंजिरा यापेक्षा किती सरस हे ऐकवले आणि ताईला घेऊन ते बंदरावर कॉफी प्यायला गेले. रात्री जेवतानाही तोच विषय होता आणि परतीच्या विमानातही तोच होता.

वास्तविक ते जिथे कॉफी पीत बसले होते, तिथून दिसणाऱ्या किल्ल्याच्या भिंतींतच ती समाधी आहे. भूकंपांनी ढासळलेल्या समाधीचे दगड सेंट जॉन पंथाच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी पंधराव्या शतकापासून हा किल्ला बांधण्यासाठी आणि पुढे तो बळकट करण्यासाठी वापरले, आणि १५२२ मध्ये त्यांचे मुख्य ठाणे असलेले ऱ्होड्स बेट पडल्यावर किल्ला ऑटोमन सत्तेकडे गेला. भिंतींत बसवलेले शिल्पपट एकोणिसाव्या शतकात काढून लंडनला नेण्यात आले. ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेव्हा खड्डा रिकामा का, हे किल्ला पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि भावोजींनी तो पाहिलेला नाही.

त्याच किल्ल्यात जलमग्न पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे, आणि माझ्या मते बोद्रुमला जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. या गावाचे पोट पूर्वी मासेमारी, संत्री आणि समुद्रतळाचे स्पंज यांवर चाले, आणि बुडालेल्या जहाजांचा पत्ताही स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनाच असे. १९८२ मध्ये अशाच एका पाणबुड्याने तुर्कस्तानच्याच काश गावाजवळच्या उलुबुरुन भूशिरापाशी "कान असलेली धातूची बिस्किटे" पाहिल्याचे सांगितले. ती तांब्याच्या लाद्या निघाल्या. इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या त्या जहाजातून सुमारे दहा टन तांबे, एक टन कथील, निळ्या काचेचे गोळे, हस्तिदंत आणि इजिप्तची राणी नेफरतिती हिच्या नावाची सोन्याची मुद्रा निघाली. कथील आणि तांबे मिळून कांसे होते, म्हणजे एका अख्ख्या युगाचा कच्चा माल त्या एका जहाजात भरलेला होता. हे ज्याला रटाळ वाटते, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तरी मी घालतो.

१९८०च्या दशकात स्पंजांवर रोग पसरला आणि कृत्रिम स्पंजांमुळे आधीच खालावलेला तो धंदा जवळपास संपला. आता गाव पर्यटनावर आणि गुलेत नावाच्या लाकडी नौकांवर चालते. नौकांच्या त्या सफरींची प्रथा रुजवली लेखक जेवात शाकिर यांनी, ज्यांना १९२५ मध्ये शिक्षा म्हणून इथे धाडले होते. म्हणजे श्रीमंतांच्या ज्या नौकांविषयी आपण लिहिले आहे, त्यांच्या मुळाशीही एक हद्दपार माणूस आहे.

किती दिवस राहावे, हे आपल्या खिशावर अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि दर दोन्ही असह्य असतात, आणि समुद्रस्नान हाच हेतू असेल तर माझे उत्तर आपल्या उपयोगाचे नाही. दुरुस्तीमुळे किल्ल्यातील काही दालने बंदही असू शकतात, म्हणून आधी चौकशी करावी. मात्र किल्ला सकाळी उघडताच गाठावा, समाधीची जागा त्यानंतर पाहावी, आणि सोबतच्या कोणाला कॉफीच प्यायची असेल, तर त्यांना बंदरावर बसवून आपले एकट्याचेच तिकीट काढावे.