पदक नको, मेसला दे

पाच लाख संभाजीनगरच्या विद्यापीठाला द्यायचे ठरवलेस, छान. पण सुवर्णपदक नको रे. आमच्या काकांच्या नावाने एका कॉलेजात दहा हजारांची ठेव होती. आज तिच्या व्याजात पदकाचा मुलामाही होत नाही. त्यापेक्षा वसतिगृहातल्या लेकरांच्या मेसला दे. पावसानं दगा दिला की आपल्या मराठवाड्यात आधी मेसचंच बिल थकतं.

सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० येतील. वाटायचे २५,०००च, उरलेले मुद्दलात. नाहीतर महागाई ठेव खाऊन टाकते. मुद्दल मोडायचं नाही, दरवर्षी हिशेब कळवायचा, हे करारातच लिहून घे. (तोंडी आश्वासन कुलगुरू बदलले की संपतं.) पैसे चेकनेच दे. २,०००च्या वर रोख दिलेस तर करसवलत गेली. नवी करपद्धत घेतली असशील तर ती तशीही नाही.