मुलीला एअर रायफल ओढायला जड जाते, स्प्रिंग कापू का?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीला राहता, मुलगी १४ वर्षांची आहे, शाळेच्या स्पर्धेसाठी घरामागे १० मीटरवर सराव करते. रायफल नळी मोडून भरायची, स्प्रिंगची, आणि पाच-सहा छर्‍यांनंतर तिचे हात भरून येतात. कुणीतरी स्प्रिंगची चार वेढी कापायला सांगितलं आहे, तर कापू का?

आत्ता कापू नका. मी फोंड्याला राहतो, माझ्या भाच्याच्या रायफलीत हाच त्रास होता, आणि आम्ही स्प्रिंगला हात लावण्याआधीच निम्मं काम झालं होतं.

आधी नळी जिथे मोडते तो बोल्ट बघा. तो गच्च आवळलेला असला तर तुमची मुलगी स्प्रिंगशी आणि बिजागरीशी, दोघांशी झुंजते आहे. रायफल पूर्ण ओढल्यावर, हात नळीभोवती ठेवून पकड जरा सैल केली की नळी आहे तिथेच राहिली पाहिजे. स्वतःच्या वजनाने खाली पडली तर बोल्ट सैल, हलवायला जोर लागला तर घट्ट. ही तपासणी करताना नळी हातातून सुटू देऊ नका आणि बोटं सांध्यापासून लांब ठेवा. घोड्याची पकड सुटली तर नळी झटकन मिटते आणि बोट तुटू शकतं. छर्रा भरतानाही एक हात नळीवर हवाच, हे मुलीच्या अंगवळणी पाडा.

मग बिजागरी आणि ओढणारा दांडा पिस्टनला जिथे घासतो तिथे थोडं मोलिब्डेनमचं ग्रीस लावा. खोबरेल तेल नको. ही चूक मी स्वतः केली आहे: हवेच्या छिद्रात चार थेंब सोडले, पहिल्याच छर्‍याला धूर आणि मोठा बार, आणि पुढच्या आठवड्यात पिस्टनच्या तोंडाचा, हवा अडवणारा वॉशर गेला. पिस्टनपुढे दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेट घेतं. जुन्या रायफलीत चामड्याचा वॉशर असेल तर त्याला अधूनमधून थेंबभर योग्य तेल लागतं. नव्या प्लास्टिकच्या वॉशरला पुढून काहीच लागत नाही.

आता ओढायची पद्धत. रायफलीचा दस्ता मांडीवर टेकवायचा, नळी अगदी टोकाला पकडायची आणि दंडाऐवजी पाठीचा जोर वापरायचा. पकड चार बोटं मागे गेली तरी लगेच जड वाटतं. टोकावर बसणारी, नळीची लांबी वाढवणारी पकड मिळते, पण पुढची माशी (नेम धरायचा उंचवटा) नळीवर असेल तर ती पकड माशीला टेकू देऊ नका.

हे सगळं करूनही जड वाटलं तर मूळ कारण ताकद आहे. आपल्याकडे ०.१७७ इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून बर्‍याच रायफली त्या हद्दीच्या जवळ बनतात. गोव्यात त्या बहुतेक कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) माकडं पळवायला घेतल्या जातात, त्यामुळे दुकानदारही ताकदीचंच कौतुक करतो. (माकडाला छर्रा मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेवढं लक्षात असू द्या.) १० मीटरच्या स्पर्धेतल्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर जातो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा धरला तर ही ऊर्जा सात-साडेसात ज्यूलच झाली. मुलीला २० ज्यूलची स्प्रिंग ओढायला लावून मिळतं काय? दुप्पट धक्का आणि थकलेले हात. स्पर्धेतल्या पूर्ण फेरीत ६० छर्रे मारायचे असतात, पाच-सहा छर्‍यांत दमणारा हात तिथे कुठे पुरणार?

म्हणून हवी ती त्याच मापाची, पण मऊ स्प्रिंग. रायफल बंद असतानाही स्प्रिंग आत काही सेंटिमीटर दाबलेलीच असते, आणि ओढताना त्या दाबावर पुढचा दाब चढतो. वेढी कापली की हा आधीचा दाब कमी होतो, पण उरलेली स्प्रिंग दर मिलिमीटरला आधीपेक्षा जरा कडकच होते. शिवाय कापलेलं टोक सपाट नसतं. ते तापवून मिटवावं आणि घासून सपाट करावं लागतं, नाहीतर स्प्रिंग तिरकी दाबली जाते आणि मधली सळई खाते. चार वेढी एकदम गेली तर छर्रा नळीतच अडकू शकतो. आणि ती काढताना मागची पिन ओढली की स्प्रिंग गोळीसारखी बाहेर येते. हे काम दाबपट्टी (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) असलेल्या बंदूक दुरुस्त करणार्‍याकडेच द्या.

नेमासाठी: प्रत्येक सरावाआधी दस्त्याचे स्क्रू तपासा, ते धक्क्याने सैल होतात. स्प्रिंगची रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून धरू नका. उघड्या तळहातावर, दर वेळी त्याच जागी, हलकी ठेवायची आणि तिला मोकळेपणी उडू द्यायची. छर्रा सपाट डोक्याचा घ्या, चार-पाच कंपन्यांचे डबे आणून त्याच नळीतून मारून बघा. एकाच रायफलीत एका डब्याचा समूह (लक्ष्यावरच्या भोकांचा घोळका) बोटाएवढा आणि दुसर्‍याचा तळहाताएवढा येताना मी पाहिलाय. लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, तिथे हा फरक मोठा. दुर्बीण घ्यायची तर स्प्रिंगच्या धक्क्याला टिकणारी आणि १० मीटरवर स्वच्छ दिसणारी घ्या. पण स्पर्धेत मागे बारीक छिद्राची माशी असते, म्हणून मी मुलीला तीच घ्यायला सांगेन.

घोड्याचा स्क्रू फार हलका करू नका. रिकामी रायफल ओढून, नळी मिटवून, सुरक्षित दिशेला धरून दस्ता जमिनीवर हलकेच आपटा. घोडा सुटला तर तो धोकादायक आहे, लगेच घट्ट करा.

घरामागे चिर्‍याची भिंत असेल तर लक्ष्य थेट तिच्यावर लावू नका, छर्रा उलटून डोळ्यात येतो. जाड लाकडी खोक्यात जुने कपडे गच्च भरून त्यामागे लोखंडी पत्रा ठेवा, आणि चष्मा दोघांनीही घाला. पावसाळ्यात हात लावून झाला की तेलाच्या फडक्याने नळी पुसून ठेवा, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत दोन दिवसांत बोटांचे ठसे गंजात उमटतात. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर जेवायच्या आधी तिला हात धुवायला लावा.