आयकिडोचे मोठे शिक्षक घडले कसे?

*मी 19 वर्षांचा मुलगा असलेली आई आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चार वर्षं आयकिडो ही जपानी युद्धकला शिकतो. आता म्हणतो, कॉलेज सोडतो, जपानला गुरूच्या घरी राहून शिकतो आणि आयकिडोचाच शिक्षक होतो. त्याचे वडील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, पुढच्या सुट्टीवर येईपर्यंत मी विषय थोपवून धरलाय. यात पोट भरतं का? जे मोठे शिक्षक झाले त्यांनी नेमकं काय केलं? — एक आई, फोंडा*

ताई, तुमचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी माझा वर्ग होता. मुलं गेल्यावर हॉलच्या पायरीवर बसून ते पुन्हा वाचलं. तुमची काळजी रास्त आहे. मुलाची ओढही खरीच असणार, कारण चार वर्षं जो गादीवर टिकला त्याचं ते दोन दिवसांचं खूळ नव्हे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा ज्याला गुरूच्या घरी राहणं म्हणतो, त्याला जपानीत उचिदेशी म्हणतात, घरातला शिष्य. आयकिडोचे प्रवर्तक मोरिहेइ उएशिबा (1883–1969) यांचा कोबुकान दोजो, म्हणजे तालमीची जागा, 1931 साली तोक्योत उभा राहिला. तिथली तालीम एवढी कडक की लोक त्याला नरकाचा दोजो म्हणत. पुढं योशिनकान ही स्वतःची शाखा स्थापन करणारे गोझो शिओदा 1932 साली तिथं दाखल झाले, उंची जेमतेम पाच फूट. अशा शिष्याचा दिवस झाडू-फडक्यानं सुरू व्हायचा. गुरू प्रवासाला निघाले की सामान उचलायचं, तिकिटं बघायची, त्यांच्या आंघोळीची, जेवणाची काळजी घ्यायची. आणि तालमीत गुरूच्या हातून पडायचं.

या पडण्याबद्दल मला थांबून सांगायचंय, कारण सगळं त्यात आहे. तंत्र दाखवताना गुरू ज्याला पुढं बोलावतात तो उके. तो हल्ला करतो आणि पडतो. गुरूचं वजन कधी सरकलं, मनगट वळायच्या आधी कंबर कशी वळली, आपला तोल नेमका कुठं गेला हे त्याच्या अंगाला कळतं. भोवती बसलेल्यांना ते फक्त दिसतं. आज ज्यांची नावं आपण आदरानं घेतो ते बहुतेक सगळे आधी वर्षानुवर्षं असे पडलेले आहेत. शिकवणं त्यानंतरचं.

तुम्ही फोंड्याच्या, तुम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंनी 1921 साली अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, तेव्हा त्या मुंबईत गात होत्या, आधीच्या गुरूंची तालीमही गाठीशी होती. तरी 1946 साली खाँसाहेब गेले तोवर त्यांचं शिकणं चालूच राहिलं. पंचवीस वर्षं! मुलानं चार वर्षं पुरी केली आहेत. त्याला हा आकडा जरूर सांगा. घाबरवण्यासाठी नको, वाट केवढी आहे ते कळावं म्हणून.

आता पोटाचं. मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते मोरिहिरो साइतो सेन्सेई (सेन्सेई म्हणजे गुरुजी). 1946 साली, अठरा वर्षांचे असताना, ते इबाराकी प्रांतातल्या इवामा गावी उएशिबांकडे आले. युद्ध संपलेलं, खायची भ्रांत, गुरू स्वतः शेती करत होते. साइतो जपानी रेल्वेत नोकरीला होते. चोवीस तास काम, मग चोवीस तास सुट्टी. बाकीचे शिष्य सकाळी कामाला जात, तेव्हा साइतो मोकळे असत. शेतात गुरूंच्या बरोबर राबायचे आणि मधल्या वेळात बोक्केन म्हणजे लाकडी तलवार आणि जो म्हणजे लांब काठी, या दोन्हींची विद्या थेट त्यांच्याकडून घ्यायचे. 1969 साली गुरू गेले तोवर तेवीस वर्षं हे चाललं. पुढं इवामाचा दोजो आणि तिथलं आयकी मंदिर त्यांनीच सांभाळलं आणि जगभरची मुलं त्यांच्याकडे राहून शिकून गेली. रेल्वेच्या पाळीमुळं त्यांची विद्या अडली नाही. मी तर म्हणेन, त्या पाळीमुळंच त्यांना गुरू एकटे मिळाले.

खुद्द प्रवर्तकांचे चिरंजीव किश्शोमारू यांचं घ्या. युद्धानंतर तोक्योच्या मुख्य दोजोत बाँबहल्ल्यात घरं गेलेली कुटुंबं राहत होती, शिष्य पांगले होते. किश्शोमारू एका शेअर-दलाली कंपनीत नोकरी करून दोजो चालवत राहिले, अगदी 1955 पर्यंत. शोजी निशिओ टांकसाळीत नोकरीला होते. नोकरी करून शिकणारा कमी निष्ठेचा, असं तुमचा मुलगा मानत असेल तर ते चूक आहे, हे मी ठामपणे सांगते.

निव्वळ शिकवण्यावर जगले असेही आहेतच. कोइचि तोहेइ 1953 साली हवाईला गेले. मग 1964 ते 66 या काळात मुख्य दोजोतले तरुण जगभर पसरले: नोबुयोशी तामुरा फ्रान्सला, योशिमित्सु यामादा न्यू यॉर्कला, सुगानो ऑस्ट्रेलियाला, कानाइ बॉस्टनला, चिबा इंग्लंडला. बहुतेक नुकतीच पंचविशी ओलांडलेले. परकी भाषा, हॉल भाड्याचा, शिष्य मोजके. तामुरा 2010 साली गेले तोवर फ्रान्सचेच होऊन राहिले. यामादांनी 2023 पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षं, न्यू यॉर्कची गादी राखली. पण ते पोचले तेव्हा त्या देशांत आयकिडो अजून फारसा पसरला नव्हता. आज तिथं शिक्षक भरपूर आहेत. तेव्हाची ती मोकळी जागा तुमच्या मुलाला मिळायची नाही.

त्याच्या वयाचं उदाहरण हवं तर क्रिस्तिआँ तिसिए यांचं द्या. हा फ्रेंच मुलगा 1969 साली, अठराव्या वर्षी तोक्योला गेला आणि सात वर्षं राहिला. राहण्या-खाण्याचा खर्च कसा भागला? फ्रेंच शिकवून. म्हणजे हातात विकता येईल अशी एक विद्या होती, म्हणून दुसरी घेता आली. 1976 साली परत येऊन पॅरिसजवळ शिकवायला लागले आणि आज युरोपातल्या सर्वांत मोठ्या शिक्षकांत त्यांची गणना होते.

माझा हिशेबही उघड सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मी 31 वर्षं पोस्टात नोकरी केली आणि 26 वर्षं बारदेशात शिकवते आहे. सध्या 24 मुलं, फी महिना 700 रुपये, म्हणजे 16,800. हॉलचं भाडं 6,000. वीज, आणि पावसाळ्यात बुरशी धरणाऱ्या गाद्यांसाठी बाजूला ठेवायचे 2,500. उरले 8,300. जुलैत निम्मी मुलं येत नाहीत, गणेश चवथीच्या महिन्यात फीचं नाव काढता येत नाही. पोस्टाचा पगार होता म्हणून मी फी भरू न शकणाऱ्या एकाही मुलाला परत पाठवलं नाही. त्याचं मला समाधान आहे.

2003 साली तीन आठवड्यांची रजा काढून मी तोक्योला गेले होते. शिंजुकुतल्या मुख्य दोजोत सकाळी साडेसहाचा वर्ग स्वतः दोशू, म्हणजे आयकिडोचे प्रमुख, घेतात. 1999 पासून प्रवर्तकांचे नातू मोरितेरू उएशिबा तिसरे दोशू आहेत. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. तासभर त्यांनी माझ्याकडून आणि मी त्यांच्याकडून मार खाल्ला. तास संपला, त्यांनी गुडघ्यांवर बसून हाकामाची, म्हणजे तालमीच्या घेरदार वस्त्राची, एकेक चुणी बोटांनी जुळवून घडी घातली, आणि दहा मिनिटांनी सूट-टाय घालून, बॅग घेऊन ऑफिसला निघाले. खाली वाकून मला नमस्कार केला. तीस वर्षं येतोय, म्हणाले. ताई, त्या दिवशी पोस्टात परत जायला मला कमीपणा वाटला नाही.

तेव्हा मुलाला अडवू नका, पण पदवी अर्धी टाकू देऊ नका. उरलेल्या वर्षांत त्यानं जपानी भाषा शिकावी. भाषा येत नसेल तर गुरूच्या घरात राहूनही तो बाहेरचाच राहील. आत्ताच्या शिक्षकांना विचारून रोज अर्धा तास आधी जावं, गाद्या पुसाव्यात, नव्या मुलांचा उके व्हावं. पदवीनंतर आधी तीन महिन्यांसाठी जाऊन यावं, स्वतःच्या पैशानं. परतल्यावरही गादी पुसायची इच्छा उरली तर मग त्याच्या बाबांशी बोलायला मी स्वतः फोंड्याला येईन.

*आमच्या भागात एक सर आयकिडो शिकवतात. ते स्वतःला आठवा डॅन आणि शिहान म्हणवतात, वय चाळीसच्या आत. सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट देतो म्हणतात. विश्वास ठेवावा का? आणि मुलींना या क्षेत्रात वर जाता येतं का? — कॉलेज विद्यार्थिनी, सत्तरी*

विश्वास ठेवू नकोस, बाळ. क्यू म्हणजे काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्या, डॅन म्हणजे काळ्या पट्ट्याच्या. तोक्योच्या मुख्य दोजोचे नियम बघ. पहिल्या क्यूनंतर किमान 70 दिवसांच्या तालमीशिवाय पहिल्या डॅनची परीक्षा नाही, आणि त्याआधीच्या सगळ्या क्यू वेगळ्या. दुसऱ्या डॅनला त्यापुढं निदान एक वर्ष आणि 200 दिवस, तिसऱ्याला दोन वर्षं आणि 300, चौथ्याला तीन वर्षं आणि 400. दिवस म्हणजे गादीवर उतरलेले दिवस. शिहान, म्हणजे ज्येष्ठ शिक्षक, ही पदवी सहसा सहाव्या डॅननंतरची. आठव्या डॅनला पोचलेले बहुतेक शिक्षक साठी-सत्तरीतले असतात. तिसिए सेन्सेईंना आठवा डॅन 2016 साली मिळाला, तालमीच्या पन्नासाव्या वर्षाच्या आसपास.

एक मात्र लक्षात घे, सगळा आयकिडो एका छत्राखाली नाही. उएशिबांचे शिष्य तोमिकी यांनी स्पर्धा आणल्या, शिओदांनी 1955 साली योशिनकान काढला, तोहेइ 1974 साली मुख्य दोजोतून बाहेर पडले आणि आपल्या की-सोसायटी या संस्थेतच राहिले. तेव्हा सरांना नम्रपणे विचार: तुमचे गुरू कोण, त्यांचे गुरू कोण, प्रमाणपत्र कुणी दिलं? खऱ्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतो, तो तासभर गुरूंबद्दलच बोलत बसेल.

मी हे पोळून सांगते आहे. तरुणपणी एका शहरात एका शिक्षकानं माझ्याकडून 4,000 रुपये घेऊन दुसऱ्या डॅनचं प्रमाणपत्र दिलं. ती संस्था त्याच्या राहत्या घरापलीकडे कुठंच नव्हती. पुढं एका शिबिरात गेले तेव्हा शिहो-नागे या फेकीच्या पहिल्याच खेपेला समोरच्या वयस्क शिक्षकांना सगळं कळलं. त्यांनी मला चारचौघांत काही म्हटलं नाही. संध्याकाळी बाजूला घेऊन, पांढरा पट्टा बांधशील का, एवढंच विचारलं. रात्रभर रडले, सकाळी बांधला. तीन वर्षं तो पट्टा माझ्या कमरेला होता आणि मला जे काही येतं ते त्या तीन वर्षांपासूनचं.

मुलींबद्दल. 1930 नंतरच्या त्या नरकाच्या दोजोतही ताकाको कुनिगोशी होत्या. चित्रकलेच्या विद्यार्थिनी. 1933 साली उएशिबांच्या तंत्रांची जी पुस्तिका निघाली तिच्यातली चित्रं त्यांच्या हातची आहेत, म्हणजे आयकिडोच्या पहिल्या चित्ररूप नोंदीमागं एका बाईची नजर आहे. अमेरिकेच्या पॅट हेंड्रिक्स इवामात साइतो सेन्सेईंकडे राहून शिकल्या आणि कॅलिफोर्नियात स्वतःचा दोजो चालवतात. माझ्या स्वतःच्या वर्गात आज निम्म्या मुली आहेत. मनगटाला जोर लागतो असं कुणी सांगितलं तर सोडून दे, जोर लावणाऱ्यालाच इरिमी-नागे या फेकीत सर्वांत जोरात पडावं लागतं.

*वय 58, नुकताच निवृत्त झालो. गुडघा थोडा दुखतो. आता शिकता येईल का? मोठे शिक्षक म्हातारपणी कसे करतात? — मडगाव*

येईल. उएशिबा ऐंशी उलटल्यावरही गादीवर उतरत होते. सुगानो सेन्सेईंचा एक पाय मधुमेहामुळं गुडघ्याखाली कापावा लागला, तरी कृत्रिम पायानिशी ते शिकवत राहिले. हिरोशी तादा 1929 चे, नव्वदी ओलांडूनही शिकवत होते. वयाबरोबर या सगळ्यांच्या हालचाली लहान होत गेल्या, पाऊल अर्ध्यावर आलं.

गुडघ्याचं मात्र गांभीर्यानं घ्या. गुडघ्यांवर बसून करायचं सुवारी-वाझा तुम्ही करू नका, मीही आता कमी करते. जुन्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांचे गुडघे त्यानंच गेले. मागं पडणं आपण आधी बसून, मग ओणवं होऊन, मग उभ्यानं शिकवतो, त्याला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. चवथ झाल्यावर नवा वर्ग सुरू होतो. त्याआधी हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून घ्या आणि येताना सैल पँट घाला, हातापायांची नखं कापून या.