सिडनीजवळ फार्मवरच्या टायनी हाऊसमध्ये लहान मुलांना घेऊन राहणं जमतं का?

जमतं की, नक्की जा. आम्ही कांगारू व्हॅलीत राहिलो होतो, सिडनीहून गाडीने दोन-सव्वादोन तास. चाकांवरचं एवढुसं घर, दिवे सोलरवर, पाणी टाकीत साठवलेलं पावसाचं म्हणून आंघोळ पटापट उरकायची, आणि टॉयलेट कंपोस्टवालं, फ्लश नाही, वरून लाकडाचा भुसा टाकायचा, पोरं एका दिवसात सरावतात. रात्री खिडकीखाली कराकरा आवाज आला म्हणून टॉर्च मारला तर वॉम्बॅट (तिथला गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी) गवत खात होता, लेक अजून तेच सांगत बसते. फक्त टोटल फायर बॅन, म्हणजे वणव्याच्या धोक्यामुळे उघड्यावर आग पेटवायला सरकारी बंदी, असेल त्या दिवशी शेकोटी पेटवायची नाही म्हणजे नाही, आणि झाडीतून फिरून आलात की पोरांच्या कानामागे, मानेवर गोचीड चिकटलीये का ते नीट बघा.