जलद तंतू खरोखरच अधिक ताकदवान असतात का?

प्रश्न : माझा पुतण्या सोलापुरातील एका तालमीत मेहनत करतो. जोर-बैठकांत त्याचा दम टिकतो, जोडीदाराला दाबून धरण्यातही तो कमी पडत नाही. पण पट काढताना, म्हणजे झेपावून समोरच्याचा पाय धरताना, मात्र तो क्षणभर मागे राहतो. त्याच्या स्नायूंत मंद (सावकाश आखडणारे) तंतू जास्त आहेत आणि जलद (झटकन आखडणारे) तंतू त्यांच्यापेक्षा कितीतरी पट ताकदवान असतात, असे त्याला तालमीत कुणीतरी सांगितले. हे खरे आहे का? माझे वडील सत्तरी ओलांडूनही कार्तिकीला सोलापूरहून पंढरपूरला पायी जातात, परंतु जमिनीवरून झटकन उठणे त्यांना जमत नाही. त्याचेही कारण हेच असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘कितीतरी पट ताकदवान’ हे म्हणणे मान्य करता येत नाही. सारख्याच जाडीचा एक मंद आणि एक जलद तंतू घेतला, त्यांची लांबी बदलू दिली नाही आणि दोघांनाही पूर्ण चेतवले, तर ते जवळपास सारखाच ताण निर्माण करतात. जलद तंतू थोडा सरस ठरतो, इतकेच. खरा फरक पडतो तो जोर किती लवकर उभा राहतो यात, आणि स्नायू वेगाने आखडत असताना त्यातला किती जोर शिल्लक राहतो यात.

मेंदूचा हुकूम चेतातंतूमार्फत स्नायूत पोहोचला, की तंतूच्या आतील कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडते आणि मायोसिन या प्रथिनाची टोके शेजारच्या ॲक्टिनच्या धाग्याला पकडून ओढू लागतात. पकडणे, ओढणे, सोडणे आणि पुन्हा पकडणे अशी ही फेरी असते, आणि दर फेरीला एटीपी या पेशीतल्या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो. जलद तंतूत कॅल्शियम अधिक भराभर सुटते आणि मायोसिनची फेरीही झपाट्याने पुरी होते. मंद तंतूतले मायोसिन पकड सोडायला वेळ घेते. त्यामुळे एका संदेशाने उठणारा झटका जलद तंतूंत साधारण ५० मिलिसेकंदांच्या आसपास शिखरावर पोहोचतो, तर मंद तंतूंना सुमारे दुप्पट वेळ लागतो.

स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर घटतो, हे नाते ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांतून मांडले. ही घट दोन्ही प्रकारच्या तंतूंत होते. मात्र मंद तंतूचा कमाल वेगच कित्येक पट कमी असल्यामुळे, ज्या वेगाला जलद तंतू अजून चांगला जोर लावत असतो, त्या वेगाला मंद तंतूकडे देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. उलट, तीच सावकाश सुटणारी पकड एखाद्याला दाबून धरताना फार उपयोगी पडते, कारण कमी एटीपीत ताण टिकून राहतो. शिवाय या तंतूंना रक्तपुरवठा चांगला असतो आणि त्यांत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकाही (मायटोकाँड्रिया) भरपूर असतात, म्हणून ते लवकर थकत नाहीत.

पट काढण्याची झेप सेकंदाच्या काही दशांशांत आटोपते, आणि स्नायूला आपला पूर्ण जोर गाठायला मात्र ३०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे आपल्या पुतण्याची एकूण ताकद किती, यापेक्षा तिच्यातली किती पहिल्या क्षणातच हाती येते, हे या डावात निर्णायक ठरते. तरीही एवढ्यावरून त्याच्यात मंद तंतूच जास्त आहेत असा निष्कर्ष काढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. समोरच्याची चाल ओळखणे, पावलांची ठेवण आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींनी सुरुवातीलाच किती दाट संदेश धाडले, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो, आणि यांतले बरेचसे सरावाने सुधारते.

त्या सरावाबाबत एक नियम ध्यानात घ्यावा. शरीर आधी लहान चेतापेशींना, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या मंद तंतूंच्या गटांना कामाला लावते आणि गरज वाढेल तशा मोठ्या चेतापेशी जागवते; अमेरिकी चेताशास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी १९५७ मध्ये याचा पाया घातला. एका मोठ्या चेतापेशीच्या हाताखाली तंतूही पुष्कळ असतात, आणि जलद तंतू अधिक ताकदवान भासण्याचे हेही एक कारण आहे. संथ लयीत मारलेल्या शेकडो बैठकांत हे मोठे गट फार तर शेवटी, थकवा आल्यावर सामील होतात. म्हणून बैठका चालू ठेवाव्यात, पण त्यांच्या जोडीला वस्तादांच्या देखरेखीखाली जड वजनाच्या मोजक्या बैठका, उड्या आणि पटाच्या पूर्ण वेगाने मारलेल्या थोड्या झेपा असाव्यात, आणि दोन खेपांमध्ये दम पूर्ण खाली बसू द्यावा. एवढ्याने मंद तंतू जलद होतील असा भक्कम पुरावा नाही. जलद तंतू मात्र जाड होतात आणि त्यांना तत्काळ कामाला लावण्याची क्षमता वाढते.

वडिलांच्या बाबतीत आपला अंदाज बऱ्याच अंशी बरोबर आहे. वय वाढते तसे जलद तंतू अधिक बारीक होतात, त्यांच्या काही चेतापेशीही नाहीशा होतात, आणि चालण्यासारख्या हलक्या, दीर्घ श्रमांत त्या तंतूंना फारसे काम मिळत नाही. गुडघ्यांचे दुखणे किंवा संधिवात नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यांनी हरकत घेतली नाही, तर खुर्चीवरून हात न टेकता जमेल तितक्या वेगाने उठायचे आणि सावकाश बसायचे, असे थोडे थोडे रोज करावे. सुरुवातीला जवळ कुणीतरी उभे असावे.