रेडा म्हशीवर चढत नाही? इंजेक्शनआधी हे वाचा

इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या एका पशुपालकांचा प्रश्न आहे: त्यांचा पाच वर्षांचा मुर्रा रेडा थंडीत उत्तम चालला. उन्हाळा गेल्यापासून मात्र म्हशीजवळ जातो, हुंगतो आणि माघारी फिरतो. मेडिकलवाल्यानं टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे नराच्या हार्मोनचं, ‘ताकदीचं इंजेक्शन’ सुचवलंय, देऊ का? सांवेरहून दुसरा प्रश्न आलाय. वळूला एचसीजी (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं हार्मोन) दिलं, काही दिवस तो चांगला तेज होता, मग पुन्हा थंडावला. आता डोस दुप्पट करावा का?

दोघांनाही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. कारण मात्र नीट समजून घ्या, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही.

वृषण स्वतःच्या मर्जीनं चालत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचं हार्मोन थांबून थांबून, झटक्याझटक्यानं सुटतं. ते शेजारच्या पिच्युटरी ग्रंथीतल्या ग्राहींना चिकटतं आणि पिच्युटरी दोन हार्मोन रक्तात सोडते. त्यांपैकी एलएच वृषणातल्या लेडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं. एफएसएच सर्टोली पेशींवर काम करतं, आणि शुक्राणू वाढतात ते या पेशींच्याच आधारानं. ग्राही म्हणजे पेशीवरची अशी जागा, जिथं ठरावीक हार्मोनच बसू शकतं. हार्मोन कितीही असो, ग्राही नसतील तर पेशीला त्याचा पत्ता लागत नाही. या ग्राहींची संख्याही कायम सारखी नसते, हार्मोनच ती कमीजास्त करतात.

गव्हाला पाळीपाळीनं पाणी मिळालं तर पीक जोमात येतं, शेतात पाणी तुंबलं तर ते पिवळं पडतं. पिच्युटरीचंही तसंच आहे. जीएनआरएच झटक्यानं आलं तर तिचे ग्राही टिकतात, उलट वाढतातही. सतत येत राहिलं तर ते घटतात आणि ग्रंथी प्रतिसाद देईनाशी होते. माकडांवरच्या प्रयोगांतून हे 1978 साली स्पष्ट झालं. कुत्र्याला खच्ची न करता नापीक ठेवण्यासाठी याच हार्मोनसारख्या औषधाचं रोपण त्वचेखाली बसवतात, तेही याच तत्त्वावर. वळू मात्र इथं जरा वेगळा निघतो: असं रोपण बसवलं की त्याच्या एलएचचे झटके थांबतात, तरी टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणून कुत्र्याचा अनुभव बैलवर्गाला लावू नका.

आता देपालपूरच्या रेड्याकडे येऊ. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. मग जीएनआरएच कमी होतं, पाठोपाठ एलएच आणि एफएसएच घटतं. शुक्राणूंना वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते तिथं बनणंच मंदावतं. जनावर कदाचित चढेल, पण वृषण लहान होत जातील आणि म्हशी रिकाम्या राहतील. मला विचाराल तर हा सर्वांत महाग पडणारा उपाय.

सांवेरच्या वळूचं कारण वेगळं. एचसीजी लेडिग पेशींच्या एलएच ग्राहींवरच बसतं. मोठा डोस आला की सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उसळतं, मग पेशी ते ग्राही आत ओढून घेतात आणि काही दिवस प्रतिसाद मंद पडतो. त्याच काळात दुप्पट डोस द्यायचा म्हणजे पैसे पाण्यात. पुढचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे पशुवैद्यकालाच तपासून ठरवू द्या.

रेड्यासाठी आधी ऊन बघा. वृषण शरीरापेक्षा 4-5 अंश थंड राहावे लागतात, आणि मे महिन्यातल्या माळव्याच्या पत्र्याखाली ते शक्य नसतं. उष्णतेचा फटका लगेच दिसत नाही. वळूत शुक्राणू तयार व्हायला सुमारे 61 दिवस लागतात, वर बाहेर पडण्याआधी पिकायला आठ-दहा दिवस. रेड्यात हा काळ कमी असतो. म्हणजे वैशाखातलं नुकसान आषाढात कळतं. म्हशींचा मुख्य माज पावसाळ्याअखेर सुरू होऊन थंडीत जोर धरतो, तेव्हा अजून वेळ आहे. डुंबायला पाणी, गच्च सावली, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण द्या. पाय आणि खूर तपासा, कारण दुखऱ्या पायाचा रेडा चढत नाही आणि दोष हार्मोनवर जातो. ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या जंतूची) तपासणी आणि वीर्य परीक्षण करून घ्या. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याची चौकशी करता येईल.

एकानं टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट पाठवलाय, ‘फार कमी’ म्हणून. एलएचच्या झटक्यांमागोमाग हा आकडा दिवसभरात खूप वरखाली होतो. एका नमुन्यावरून काही ठरवू नका.

शेवटी, निमाडातून स्वस्त सरकी येते म्हणून ती वळूंना भरभरून घालणाऱ्यांसाठी: सरकीतलं गॉसिपॉल शुक्राणूंना बाधतं, कोवळ्या वळूंना विशेष. पैदाशीसाठी ठेवलेल्या पाड्याला सरकी आणि तिची पेंड देऊच नका. गाई-म्हशी गाभण करण्यासाठी ज्याला राखलाय, त्याला मक्याचा भरडा आणि थोडी सोयाबीन पेंड पुरेल.