2150 कधी येणार?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली निम्मी 2021 सालात अडकलेली आहेत. त्या वर्षी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा डिमॅट खातं उघडलं आणि मोबाइलमधल्या ॲपच्या कंपन्यांचे शेअर थेट घरात आणले. नावं बदलतात, गोंधळ तोच. म्हणून सगळे प्रश्न एकदम घेते.

झोमॅटोचे 200 शेअर होते. आता खात्यात एटर्नल असं काहीतरी दिसतं. फसवणूक झाली का? (सातारा)

नाही. कंपनीने 2025 मध्ये नाव बदललं. शेअर तेवढेच आहेत.

पेटीएमचे शेअर आयपीओत 2150 ला मिळाले, अजून धरून आहे. मित्र म्हणतो, झोमॅटोही पडून वर आला, तू थांब. 2150 कधी येणार? (नाशिक)

तारीख सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. 2150 हा आकडा तुमच्या डोक्यात आहे, बाजाराला त्याचं काही देणंघेणं नाही. 18,300 कोटींचा तो आयपीओ (म्हणजे लोकांसाठीची पहिली शेअरविक्री) 18 नोव्हेंबर 2021 ला बाजारात आला आणि त्याच संध्याकाळी शेअर 1564 च्या आसपास बंद झाला. 31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि मेमध्ये शेअर 310 पर्यंत घसरला.

झोमॅटोचा दाखला अर्धवट आहे. आयपीओत 76 ला मिळालेला तो शेअर जुलै 2022 मध्ये चाळिशीत आला होता, हे खरं. त्याच वर्षी कंपनीने झटपट किराणा पोचवणारी ब्लिंकिट घेतली, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पुढे त्याच झटपट पोचवण्याच्या धंद्याने कंपनीचा नूर पालटला आणि डिसेंबर 2024 मध्ये ती सेन्सेक्समध्ये गेली. नुसतं धरून बसल्याने शेअर वर जात नाही, धंदा पालटला तर जातो. पेटीएमचा धंदा कुठे चाललाय ते तिमाही निकालांत वाचा, मित्राला विचारू नका.

तोट्यात विकलात तर दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो. उरलेला 8 वर्षं पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. विकण्याआधी तुमच्या सीएला भेटा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नको.

हाउसिंग डॉट कॉम बंद पडलं ना? (पवई)

नाही. 2017 मध्ये प्रॉपटायगरच्या कंपनीत गेलं, आता ऑस्ट्रेलियाच्या आरईए समूहाकडे आहे. संस्थापक गेले, पाटी राहिली.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण नामांकित स्टार्टअपचे अनलिस्टेड (शेअर बाजारात न आलेले) शेअर देतोय. आयपीओ तीन महिन्यांत, पैसे दुप्पट म्हणतो. जावई म्हणतात, घेऊन टाका. निवृत्तीचे 6 लाख आहेत. (डोंबिवली)

थांबा. जावयांनाही हे वाचायला द्या.

परवा माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये यूपीआयचे सात स्क्रीनशॉट, छापून, तारीखवार लावलेले. सातही वेळा पैसे एका माणसाच्या बचत खात्यात गेलेले. काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरची व्यवहाराची पावती) नाही, डिमॅटमध्ये एक शेअर नाही. फोल्डर मात्र इतका नीटनेटका की मलाच भरून आलं.

ही झाली उघड लबाडी. शेअर खरोखर हातात आले, तरी धोका संपत नाही. ‘कंपनीचं मूल्य इतके अब्ज डॉलर’ ही बातमी कशी तयार होते ते समजून घ्या. एखादा मोठा फंड थोडे शेअर घेतो. त्या भावाने कंपनीच्या सगळ्या शेअरना गुणलं की तो आकडा निघतो. त्या भावाला सगळे शेअर कुणी घेतलेले नसतात. शिवाय फंडाकडे बहुधा प्रेफरन्स शेअर असतात, म्हणजे कंपनी विकली गेली किंवा बुडाली तर त्यांचे पैसे आधी सुटतात. ग्रुपवर तुम्हाला मिळतो तो साधा इक्विटी शेअर, रांगेत सगळ्यात शेवटचा. भाव मात्र फंडाचा लावतात.

ऑनलाइन औषधं विकणाऱ्या फार्मइझीचं उदाहरण घ्या. जून 2021 मध्ये तिची मूळ कंपनी एपीआय होल्डिंग्जने नवी मुंबईच्या थायरोकेअर या रक्ततपासणी कंपनीतला 66.1 टक्के हिस्सा 4,546 कोटींना घ्यायचं ठरवलं, तेही बरंचसं कर्ज काढून. नोव्हेंबरमध्ये 6,250 कोटींच्या आयपीओचे कागद बाजार नियामक सेबीकडे गेले. अनलिस्टेड बाजारात तेव्हा या शेअरवर उड्या पडत होत्या. ऑगस्ट 2022 मध्ये आयपीओ मागे घेतला. 2023 मध्ये कर्ज फेडण्यासाठी राइट्स इश्यू (आधीच्याच भागधारकांना नवे शेअर) आणला, तो 5 रुपये शेअरने. आधीच्या फेरीतल्या भावाच्या जेमतेम एक दशांश! ‘तीन महिन्यांत आयपीओ’ म्हणून घेतलेल्यांचं काय झालं असेल, तुम्हीच ताडा.

आणि आयपीओ आलाच, तर आधीपासूनच्या भागधारकांचे शेअर साधारण सहा महिने लॉक असतात. पहिल्या दिवशीची तेजी तुम्ही फक्त टीव्हीवर बघणार. सेबीने डिसेंबर 2024 मध्ये विनापरवाना ऑनलाइन मंचांवरून असे व्यवहार करू नका, असा इशारा दिला, तरी आजही मला रोज एक तरी फॉरवर्ड येतो. निवृत्तीच्या पैशाला यात हातच लावू नका. फारच मोह झाला, तर आधी सेबीनोंदणीकृत, फी घेणाऱ्या सल्लागाराला भेटा. कमिशनवाल्याला नव्हे.

स्टार्टअप सोडतोय. ईसॉप्स (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचे हक्क, म्हणजे ऑप्शन) व्हेस्ट, म्हणजे पक्के झालेत. घेऊ का? (हिंजवडी)

शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. सोडल्यावर ऑप्शन वापरायची मुदत पुष्कळ ठिकाणी 90 दिवसांचीच असते, योजनेचा कागद काढून बघा. ऑप्शन वापरला की बाजारमूल्य आणि तुम्ही मोजलेली किंमत यांतला फरक पगारात धरून कर लागतो, शेअर विकता येवो न येवो. करात लांबणीची सवलत ठरावीक प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपच्याच कर्मचाऱ्यांना मिळते. एचआरचं तोंडी उत्तर पुरेसं नाही, ईमेलवर घ्या आणि कर सल्लागाराला दाखवा.

मुलीसाठी बायजूजचा कोर्स कर्जावर घेतला होता. कंपनी बुडाली, हप्ते बंद करू का? शेजारी म्हणतात, आता कोण विचारतंय! (सांगली)

कर्ज देणारी कंपनी विचारते. ती वेगळी आहे, बुडालेली नाही. हप्ता चुकवलात तर सिबिल तुमचा बिघडेल, शेजाऱ्यांचा नाही. आधी कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मूळ कंपनी थिंक अँड लर्न जुलै 2024 पासून दिवाळखोरी प्रक्रियेत आहे, त्यामुळे परताव्याचा दावा ती प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाकडे करावा लागतो. दाव्याच्या मुदती कडक असतात. उशीर झालाय, म्हणून कागद घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद करा.

मॅडम, पुढचा झोमॅटो कोणता? (ठाणे)

मी टिप देत नाही.